शेजारी अमली पदार्थांचा धंदा चालल्याचा संशय आलाय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो माणसाकडे बघून अंदाज बांधल्यामुळे. टॅटू, अवतार, रात्रभर जागणारे भाडेकरू, यावरून काहीच सिद्ध होत नाही. लक्ष ठेवायचं ते त्या जागी काय घडतं यावर. एकाच दाराशी अवेळी वेगवेगळी माणसं येतात, दोन-चार मिनिटांत परततात, गाडी चालू ठेवून कुणी बाहेर थांबतं आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा संशयाला आधार मिळतो.

तरीही एकाच खुणेवर विसंबू नका. रात्रपाळी करणारा माणूसही खिडक्या झाकतो. पण झाकलेल्या काचांवर आतून कायम दमटपणा, पंख्यांची अखंड घरघर आणि विजेच्या मीटरशी छेडछाड असं सगळं एकत्र दिसलं, तर आत गांजाची लागवड असू शकते.

अमोनिया किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास वारंवार येत असेल, तर डोकावायला जाऊ नका. अशा ठिकाणची वाफ विषारी असते, पेटही घेते. बाहेर टाकलेल्या बाटल्या उघडू नका. लांब जाऊन अग्निशमन दलाला आणि पोलिसांना कळवा.

रस्त्यात सिरिंज सापडली तर सुईला टोपण लावायचा प्रयत्न नको, सुई टोचते ती बऱ्याचदा तेव्हाच. मुलांना दूर ठेवा आणि ती उचलण्यासाठी स्थानिक यंत्रणेला बोलवा. टोचलीच तर जखम न पिळता साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, लगेच डॉक्टरकडे जा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.

तक्रारीत ‘तिथे संशयास्पद लोक येतात’ एवढंच लिहिलं तर पोलिसांच्या हाती काही लागत नाही. नोंद अशी हवी: ‘मंगळवार, रात्री ११:२० ते १२:०५. मागच्या दाराशी सहा जण, एकेक करून आले. कुणीही आत गेलं नाही. दोघांनी पैसे दिलेले दिसले. पांढरी कार, नंबर अमुक.’ डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, आणि तेही आपल्या घरातून, सहज दिसेल तेवढं.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं मला सर्वांत घातक वाटतं. संशय खोटा निघाला तर एका कुटुंबाचं जगणं मुश्किल होतं. खरा असेल तर धंदेवाले सावध होतात आणि तक्रार कुणी केली तेही त्यांना कळतं. जाब विचारायला दारात जाणं तर नकोच. नाव गुप्त ठेवता येईल का, हे पोलिसांना आधी विचारा.

एकदा कळवून गप्प बसू नका. पुरावे जमवायला वेळ लागतो, त्यामुळे कारवाई दिसत नाही म्हणजे दखलच घेतली नाही असं नव्हे. नव्या नोंदी देत राहा.

मात्र कुणी बेशुद्ध पडलंय, ओठ निळसर झालेत, श्वास अगदी मंद आहे, असं दिसलं तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. नॅलोक्सोन (हेरॉईनसारख्या अफूवर्गीय अमली पदार्थांचा परिणाम उतरवणारं औषध) हाताशी असेल तर द्या. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. थांबला असेल तर फोनवरचे कर्मचारी सांगतील तसं करत राहा.