हळद शिजवायच्या आधी आणि नंतर: करक्युमिनची टेस्ट करूनच माल विका

पाला वाळून आडवा पडला की हळद काढणीला आलीच समजा. आपल्याकडं सांगली, वसमत भागात जानेवारी ते मार्च हाच सगळा गडबडीचा काळ, आणि याच गडबडीत आपण पैसे घालवतो. अर्क काढणाऱ्या कंपन्या आता नुसता रंग बघत नाहीत, करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य, किती टक्के ते विचारतात. सेलम जातीच्या हळदीचं साधारण 3 ते 4 टक्के भरतं, वायगाव जातीचं 6 च्या आसपास, पण तुमच्या रानातल्या हळदीचं किती हे टेस्टशिवाय कोण सांगणार?

ही विचारणा का वाढली तेही ऐका. थायलंडमधे गुडघेदुखीच्या 367 रुग्णांपैकी काहींना हळदीचा अर्क आणि काहींना आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी 4 आठवडे देऊन बघितली, 2014 ला निकाल छापून आला, दुखणं कमी करण्यात अर्क गोळीच्या मागं पडला नाही आणि पोटदुखीच्या तक्रारीही अर्कवाल्यांत कमी होत्या. पण तो रोज 1500 मिलिग्रॅम अर्क होता बरं का, आपल्या चमचाभर म्हणजे 3 ग्रॅम हळदीत करक्युमिन जेमतेम 100 मिलिग्रॅम, तेही अंगी नीट लागत नाही. म्हणून पॅकेटवर "सांधेदुखी बरी करते" असलं काही छापू नका.

आता कामाचं. काढल्यावर 2-3 दिवसात शिजवा. मी एकदा मजूर मिळेनात म्हणून ढीग आठ दिवस तसाच ठेवला, आतून गरम झाला, वरच्या हळकुंडांना कोंब फुटले आणि आतल्या कंदांना कुबट वास. तो माल मातीमोल गेला. जेठे गड्डे, म्हणजे मधले मोठे मातृकंद, आणि हळकुंडं वेगळी शिजवा, गड्ड्यांना वेळ जास्त लागतो. कायलीत 45 मिनिटं ते तासभर, फेस वर आला, हळदीचा खास वास सुटला आणि काडी सहज आरपार गेली की बास. जास्त शिजली तर रंग जातो, कमी राहिली तर वाळल्यावर ठिसूळ होते. मग स्वच्छ ताडपत्रीवर दोन-तीन इंचाचा थर देऊन 10-15 दिवस वाळवा, संध्याकाळी झाका, ओलावा 10 टक्क्यांच्या आत आला पाहिजे, मोडल्यावर कट्‌कन आवाज येतो तोपर्यंत.

नमुना एका पोत्यातून काढू नका, वरच्या पोत्यातली चांगली चांगली उचलून पाठवली तर रिपोर्ट चांगला येतो आणि कंपनीत माल फेल जातो. प्रत्येक पोत्यातून मूठभर घ्या, मिसळा, त्यातली अर्धा किलो अपारदर्शक पिशवीत भरा, उजेडानं करक्युमिन उडतं. लॅबला एचपीएलसी (घटक वेगवेगळे करून मोजायची मशीनवरची टेस्ट) करा म्हणून सांगा, म्हणजे करक्युमिन आणि त्याच्या दोन भाऊबंदांचं, म्हणजे हळदीतल्या तशाच दुसऱ्या दोन द्रव्यांचं, प्रमाण वेगवेगळं कळतं, साध्या रंगमापनात तिन्ही एकत्र मोजली जातात. शिसं पण तपासून घ्या, कारण पॉलिशच्या वेळी झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रसायन चोळतात, ते सरळ विष आहे, लेकरांच्या मेंदूवर जातं. पॉलिशवाल्याच्या ड्रमजवळ स्वतः उभं राहा.

रिपोर्ट जपून ठेवा. 1995 ला अमेरिकेत जखम भरायला हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, ते तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील पुरावे पुढं करून 1997 ला रद्द करून घेतलं. आपल्या पोत्यांचंही तसंच, लॉट नंबर पोत्यावर आणि रिपोर्टवर एकच लिहा, सौद्याला जाताना झेरॉक्स बरोबर घ्या.