रात्रीसाठी जादा दिवे: खरेदी सगळ्यात शेवटी

मोटारसायकलला एलईडी स्पॉटलाइट बसवायचे असं मनात आलं की हात आधी खरेदीकडे जातो. माझाही गेला होता. दिवे घरी आले तेव्हा कळलं, की सोबतचा क्लँप माझ्या क्रॅश गार्डच्या पाइपावर बसत नाही, वायर हँडलपर्यंत पुरत नाही आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) ठेवायला सीटखाली जागाच नाही. तेव्हापासून या कामाची यादी मी उलटीकडून लिहितो. आधी गाडी, मग वायर, आणि दिवे अगदी शेवटी.

पहिली नोंद आहे त्याच हेडलाइटची. काच आतून धुरकट झालीय का, झोत कुठे पडतो, मागे माणूस आणि सामान असताना कुठे पडतो, हे बघायचं. मागून वजन पडलं की गाडीची शेपूट बसते, तोंड वर होतं आणि रस्त्यावर पडायचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासूनचा दाब) वाढवला आणि हेडलाइटचा स्क्रू थोडा फिरवला तरी बराच फरक पडतो. हेल्मेटची काचही तपासायची. तिच्यावर बारीक ओरखडे असतील तर समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याचा पिसारा फुलतो, आणि त्यावर कुठलाही स्पॉटलाइट चालत नाही. कित्येकदा तक्रार इथेच मिटते, पुढची यादी करावीच लागत नाही.

नाही मिटली तर नेमकं काय दिसत नाही ते लिहून काढायचं. लांबचं दिसत नाही, की वळणात कडेचं? ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. काहीतरी आडवं आलंय हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे सत्तरच्या आसपास. ताशी ६० ला हाच हिशोब साधारण ४५ मीटरवर येतो. रोजचा वेग साठच असेल तर पाचशे मीटर झोताच्या जाहिरातीला भुलायचं कारण नाही.

लांबसाठी अरुंद झोताचा स्पॉट, कडेसाठी पसरट फ्लड. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणून लांब बघायचं तर नुसते वॅट वाढवून भागत नाही, झोत बांधणारी लेन्स चांगली लागते. उलट चाकापुढच्या दहा-पंधरा मीटरवर फार उजेड ओतला तर डोळ्याची बाहुली आकसते आणि पलीकडचा अंधार आणखी गडद वाटतो. नवे दिवे लावल्याचं समाधान मात्र त्याच उजेडाने मिळतं, म्हणून लोक फसतात. धुक्यात आणि पावसात पांढरा झोत थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो. पिवळा थोडा सुसह्य वाटतो, पण तिथे रंगापेक्षा झोत खाली आणि पसरट असणं जास्त उपयोगाचं.

मग विजेचा ताळेबंद. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टेटर किंवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग, किती वॅट देतो ते असतं. समजा २०० आहे, आणि इग्निशन, फ्युएल पंप, हेडलाइट, टेललाइट मिळून १५० खातात. उरले ५०. त्यात प्रत्येकी २० वॅटच्या दिव्यांची जोडी बसते, प्रत्येकी ४० ची नाही. काही जुन्या आणि लहान गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसीवर चालतो आणि बॅटरीला फार थोडं चार्जिंग मिळतं. तिथे बॅटरीवर दिवे टांगण्याआधी हे तपासलंच पाहिजे. मल्टिमीटर हाताशी हवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या पुढे मागे दाखवते, आणि इंजिन फिरत असताना १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. हे आकडे वहीत टिपून ठेवायचे, कारण दिवे बसल्यावर पुन्हा मोजायचंय. सगळे दिवे चालू करून इंजिनच्या नेहमीच्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) व्होल्टेज १३ च्या खाली घसरलं, तर प्रवासभर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होतेय असं समजावं.

जागा ठरवताना गाडीशेजारी बसून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे शॉकअप) दाबून बघायचे. दिवा मडगार्डला, रेडिएटरला किंवा इंडिकेटरच्या उजेडाला आडवा येता कामा नये. फोर्कवर लावला तर झोत हँडलबरोबर वळतो, क्रॅश गार्डवर लावला तर गाडी ज्या दिशेला तिकडेच राहतो. मला गार्डवरचा आवडतो, फक्त गार्ड थरथरणारा नसावा. पाइपाचा व्यास मोजून लिहायचा. माझी चूक तीच होती.

वायरिंगवर मात्र वेळ घालवावा. २० वॅटची जोडी १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आतच घेते, मग रिले कशाला, असं विचारणारे भेटतात. रिले हवाच, कारण मूळ वायरिंग या जादा भारासाठी आखलेलं नसतं, आणि ट्रिगर (रिलेला चालू करणारी बारीक वायर) इग्निशननंतरच्या वायरवरून घेतला की चावी काढल्यावर दिवे आपोआप बंद होतात. रिलेच्या पायांवर नंबर छापलेले असतात: बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, तिथून रिलेचा ३०, ८७ वरून दिवे. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, एक अर्थला, एक स्विचमधून ट्रिगरला. पाच पायांच्या रिलेत ८७ए असतो, त्याला दिवे जोडले तर स्विच बंद केल्यावर ते लागतात. ट्रिगर मी हाय बीमच्या वायरवरून घेतो. समोरून गाडी आली, अंगठ्याने डिपर दिला, की जादा दिवेही विझतात. वेगळं बटण शोधत बसावं लागत नाही. कॅन बस (गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात ती डेटाची वायर) असलेल्या गाडीत वाटेल त्या वायरला टोचू नये, एरर येतात. तिथे कंपनीने दिलेलं अॅक्सेसरी कनेक्टर वापरावं.

जोडीला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, वायर दीड चौरस मिलिमीटरची. फ्यूज दिव्याला नाही, वायरला वाचवतो, त्यामुळे तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. हे मी एका यू-टर्नमध्ये शिकलो. हँडलजवळ वायर केबल टायने आवळून बांधली होती, महिनोन्‌महिने ती घासत राहिली, आणि एका रात्री हँडल पूर्ण वळवताच तांबं फ्रेमला टेकलं. दिवे गेले, पण गेला तो फ्यूजच. तो दिव्यांपाशी लावला असता तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर तापली असती. हँडलपाशी वायरला ढील द्यायची आणि वरून स्लीव्ह चढवायची. मूळ वायर सोलून पीळ मारणं किंवा तिच्यात चावणारे क्लिप लावणं टाळायचं, पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवावी.

एवढं कागदावर आलं की खरेदी. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. त्याहून कमी घेऊ नये. मागे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या हव्यात, कारण एलईडी तापला की उजेड उतरतो. खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवायचा नाही. ‘६० वॅट’ छापलेला दिवा १२ व्होल्टवर दीड अँपिअर घेत असेल तर तो १८ वॅटचाच आहे. जादा दिव्यांबद्दलचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, किती लावता येतात आणि कुठे पेटवता येतात हे पैसे देण्याआधी वाचावं.

कामाच्या दिवशी मल्टिमीटर, क्रिंपिंग प्लायर, स्पॅनर, अॅलन की, केबल टाय, मास्किंग टेप आणि दोन जादा फ्यूज. बॅटरीची आधी मायनस सोडायची, जोडताना ती शेवटी. उलट केलं तर प्लसवरचा स्पॅनर फ्रेमला लागून ठिणगी उडते. पक्कं आवळण्याआधी सगळं टेपने तात्पुरतं बांधून दिवे एकदा पेटवून बघावेत.

झोत लावायला सपाट जमीन आणि भिंत. टायरमध्ये योग्य हवा, सीटवर तुम्ही स्वतः, टेप चिकटवायला दुसरं कुणीतरी. दिव्याची उंची ७० सेंटिमीटर असेल तर १० मीटरवरच्या भिंतीवर झोताचा मध्य ६० वर आणायचा. म्हणजे तो ७० मीटरवर रस्त्याला टेकतो, आणि ८० च्या वेगाला लागत होते तेवढेच हे मीटर. मग गाडी कुणाला तरी देऊन आपण समोर लांब उभं राहायचं, दिवे चालू असताना आणि डिपर दिल्यावर. समोरच्याच्या डोळ्यांना किती लागतं ते तेव्हाच कळतं.

पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे आणि नट-क्लँपवरून रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.