पीएमजीएसवायच्या डीपीआरवर लागलेल्यांनो, आधी जागा बघा

सोलापुरात सिव्हिल करून रस्त्यांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणाऱ्या कन्सल्टंटकडे नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. टोटल स्टेशन, लेव्हल, एस्टिमेट तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही.

पीएमजीएसवाय म्हणजे प्रधानमंत्री ग्राम सडक योजना, 2000 सालची. आधी सगळा खर्च केंद्राचा होता, 2015-16 पासून आपल्याकडे केंद्र-राज्य 60:40. चौथा टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालाय, 70,125 कोटी आणि 62,500 किलोमीटर, त्यामुळे काम मिळेल का ही काळजी सोडा.

काळजी जागेची करा. माझं पहिलंच काम तिथं अडकलं. या योजनेत रस्ता बांधायला पैसा आहे, जमीन घ्यायला एक रुपया नाही. जागा राज्याने उपलब्ध करून द्यायची, आणि राज्याने म्हणजे शेवटी बांधावरच्या शेतकऱ्याने, बहुतेक वेळा फुकट. प्रस्तावासोबत जागा उपलब्ध असल्याचा दाखला लागतो आणि तो सहीचा कागद आहे म्हणून सगळे निवांत असतात. तुम्ही राहू नका.

गाव नकाशा काढा. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, फक्त सव्वाआठ फूट. आता आपला रस्ता बघा, वाहनं कमी असली तरी साइडपट्ट्या धरून सहा मीटर लागतात, म्हणजे जवळपास वीस फूट, गटारं वेगळी. म्हणजे पायमार्गावर रस्ता धरला तर बारा फूट कुणाच्या तरी ज्वारीतून जाणार, आणि साडेसोळाचा गाडीमार्गही कमीच पडतो. जागेवर ट्रॅक्टर जाताना दिसतो म्हणून रस्ता आहे असं समजू नका, ट्रॅक्टर मालकाच्या मर्जीने जातो. ज्या गटातून जास्तीची जागा लागते तिथले सातबारे काढा, खातेदार पाच भाऊ असतील तर पाचही जणांशी बोला, पुण्याला असलेल्यालाही फोन लावा, कारण विरोध नेमका तोच करतो.

ट्रान्सेक्ट वॉक म्हणून जे असतं, सरपंच-तलाठ्याला घेऊन पूर्ण आखणी पायी चालायची, ते गाइडलाइनमध्येच आहे. चावडीत बसून फोटो काढून उरकतात लोक. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. हल्ली आखणी केंद्राच्या गतिशक्ती या नकाशाच्या पोर्टलवर होते, चांगलंय, पण ती रेष शेतकऱ्याला विचारून ओढलेली नसते. आखणी बदलायची तर प्रस्ताव जायच्या आधी, मंजुरीनंतर बदल म्हणजे सगळी फाइल परत फिरणार आणि तोपर्यंत ठेकेदार रोज तुम्हालाच फोन करणार.

दुसरं, काळी माती. सीबीआरचा, म्हणजे माती किती भार पेलते त्या चाचणीचा, नमुना चार दिवस पाण्यात ठेवायचा असतो, तेवढा ठेवा. शेजारच्या मुरमाड गावाचा आकडा उचलून टाकला तर पहिल्याच पावसात रस्ता फुगतो.

शिकायचं कुणाकडून? माझं मत विचाराल तर एखादा जुना मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीवरचा मजूर, गाठा. ओढ्याला पाणी कुठवर येतं हे तो काठीनं दाखवतो, एसीत बसलेल्या सिनियरला ते माहीत नसतं, तो जुना डीपीआर देऊन नाव बदल म्हणतो.

सुरुवातीला लई त्रास होतो, उन्हात मोजणी, वरून शिव्या. दोन-तीन रस्ते झाले की नकाशा बघूनच भांडण कुठं होणार ते कळायला लागतं. पेट्रोलचा हिशोब मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, नंतर कुणी देत नाही.