बेळगाव भागात जमीन विकताना: संचकार घेण्याआधी करायची कामं आणि येणारा खर्च

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बहुतेक व्यवहार उलट्या क्रमाने होतात. आधी दर ठरतो, मग संचकार (विसाराची रक्कम) घेतला जातो आणि मग उतारा काढायला धावपळ सुरू होते. करारात तीन किंवा सहा महिन्यांची मुदत असते. तेवढ्यात वारसा नोंद झाली नाही किंवा बोजा उतरला नाही, तर मुदत मोडणारे तुम्ही ठरता आणि घेणारा करारपूर्तीचा दावा लावू शकतो. म्हणून पैसे हातात घेण्याआधी कागद पूर्ण करा.

उतारा नीट वाचा

आपण सवयीने सातबारा म्हणत असलो, तरी कर्नाटकात त्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. ती ‘भूमी’ या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर किंवा नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) मिळते. त्यातले दोन रकाने महत्त्वाचे. 9 व्या रकान्यात मालकाचं नाव आणि क्षेत्र असतं, 11 व्या रकान्यात बोजा आणि इतर हक्क.

9 व्या रकान्यात अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल, तर पहिलं काम वारसा नोंदीचं. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडून अर्ज करावा. इथेच सर्वांत जास्त व्यवहार अडतात, कारण बहिणींची नावं घातलेली नसतात. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. लग्न होऊन चंदगडला किंवा कोल्हापूरला गेलेल्या बहिणीचीही सही लागतेच. नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. ‘तिला काही नको आहे’ हे तोंडी सांगणं कुठेच चालत नाही. ती येऊ शकत नसेल, तर तिने तिच्या भागातल्या सबरजिस्ट्रारपुढे मुखत्यारपत्र करून द्यावं. महाराष्ट्रात केलेलं मुखत्यारपत्र कर्नाटकात आल्यावर मुद्रांकाचा फरक तीन महिन्यांच्या आत भरून घ्या.

11 व्या रकान्यात पीकेपीएसचा (प्राथमिक कृषी पतसंस्थेचा) किंवा बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटल्याचा दाखला घरात ठेवून भागत नाही. तो देऊन उताऱ्यावरची नोंद कमी करून घ्यावी लागते.

नावातला फरकही आत्ताच मिटवा. उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत, आणि तिन्हीकडे नाव थोडं वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. आधार दुरुस्त करा किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने फेरफार आणि खरेदीपत्रं मराठीत, काही तर मोडीत आहेत. घेणाऱ्याचा वकील ती मागेल तेव्हा जाणकाराकडून करून घेतलेलं लिप्यंतर हाताशी असावं.

जमीन कोणत्या प्रकारची आहे

कुळ कायद्याने मिळालेली जमीन असेल, तर कायद्याने घातलेली 15 वर्षांची विक्रीबंदी संपली आहे का, ते पाहा. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन 1978 च्या कायद्यानुसार सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. अशी विक्री रद्द होऊन जमीन परत जाते. वतनी आणि इनामी जमिनीचा पुनर्मंजुरीचा (जमीन पुन्हा बहाल केल्याचा) आदेश काढून अटी वाचा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायची बंदी मात्र 2020 च्या दुरुस्तीने उठली आहे.

शेतीचे गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडून बाँडवर विकणं टाळा. मंजूर लेआउट नसेल, तर घेणाऱ्याच्या नावावर काहीच होत नाही आणि तो पुढे तुमच्याच दारात येतो.

मोजणी

सर्व्हे नंबरातला काही भागच विकायचा असेल, तर 11 ई नकाशा (विकायचा तुकडा मोजून दाखवणारा सरकारी नकाशा) सक्तीचा आहे. अर्ज मोजणी खात्याकडे करायचा आणि परवानाधारक सर्व्हेयर येऊन हद्द मोजतो. मोजणीदिवशी शेजारचे खातेदार हजर ठेवा. बांधावरचा वाद तिथेच मिटला तर बरा. नकाशातलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळत नसेल, तर दर ठरवण्याआधी ते कळायला हवं.

माणसं कोणती लावायची

वकील स्वतःचा घ्या. घेणाऱ्याचा वकील घेणाऱ्याचंच हित पाहणार. आपल्या वकिलाकडून निदान 30 वर्षांची मालकीची साखळी आणि ऋणभार प्रमाणपत्र (जमिनीवरचे नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे दाखवणारं) तपासून घ्या. हे प्रमाणपत्र ‘कावेरी’ या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर निघतं, जुन्या वर्षांसाठी नोंदणी कार्यालयात अर्ज करावा लागतो. बाँड रायटर दस्त लिहितो, पण मालकी तपासणं हे त्याचं काम नाही. दलाली साधारण 1 ते 2 टक्के मागितली जाते. ती कोण देणार आणि खरेदी झाल्यावरच देणार का, हे आधीच लिहून घ्या.

करार आणि खर्च

साठेकरारात ‘ताबा दिला’ हे शब्द येऊ देऊ नका. ते आले की करारावरच खरेदीपत्राइतका मुद्रांक लागतो, आणि सगळे पैसे मिळण्याआधी जमीन हातची जाते. रोख रक्कम 20,000 किंवा त्याहून जास्त घेतली, तर तेवढाच दंड आयकर खातं लावू शकतं. संचकारही चेकने किंवा आरटीजीएसने घ्या.

ग्रामीण भागातली जमीन 40 लाखांना विकली, तर सरकारी खर्च असा येतो: मुद्रांक शुल्क 5 टक्के म्हणजे 2,00,000, त्यावर 10 टक्के उपकर 20,000, 3 टक्के अधिभार 6,000 (शहरात 2 टक्के), आणि नोंदणी शुल्क 2 टक्के म्हणजे 80,000. एकूण 3,06,000 रुपये. नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झालं आहे, त्यामुळे जुन्या हिशेबावर जाऊ नका. सरकारी मार्गसूची दर (सरकारने ठरवलेली किमान किंमत) जास्त असेल तर आकारणी त्यावर होते. वेगळं ठरलं नसेल तर हा खर्च घेणाऱ्याचा.

खरेदीदिवशी

कावेरी 2.0 वर दस्ताचा मसुदा चढवायचा, तपासणी झाली की शुल्क भरायचं, वेळ घ्यायची आणि मग अंगठा-फोटो. जिल्ह्यातल्या कोणत्याही सबरजिस्ट्रार कार्यालयात नोंदणी चालते. दस्त बहुधा कन्नडमध्ये असतो. कन्नड वाचता येत नसेल, तर सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, चतुःसीमा आणि रक्कम आदल्या दिवशी वकिलाकडून मराठीत वाचून घ्या. शिल्लक रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नका.

आयकर

शेतजमीन बेळगाव महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरपलीकडे, आणि निपाणी, खानापूरसारख्या गावांपासून 2 किलोमीटरपलीकडे असेल, तर भांडवली नफ्यावर कर नाही. आत असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या जमिनीला महागाई निर्देशांकासह 20 टक्के हाही पर्याय आहे. दोन्ही हिशेब सीएकडून करून घ्या. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास सवलत मिळते, पण विकलेली जमीन विक्रीआधी दोन वर्षं कसलेली असावी लागते.

खरेदीनंतर फेरफाराची सूचना नोंदणी कार्यालयाकडून ‘भूमी’कडे आपोआप जाते. थोडी जमीन राखून विकली असेल, तर महिन्याभराने स्वतःचा उतारा पुन्हा काढा. उरलेलं क्षेत्र गुंठ्यांपर्यंत बरोबर आलंय का, ते 11 ई नकाशाशी ताडून पाहा. चूक असेल तर लगेच तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या.