गोव्यातल्या सामाजिक संस्थांचे सल्लागार होताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून गोव्यात काम घेणाऱ्या सल्लागाराच्या पहिल्याच टिपणात धर्मादाय आयुक्त हमखास डोकावतात. ती कचेरी शेजारच्या राज्यातली. महाराष्ट्राचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा इथे लागू नाही. इथली संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल, साधा ट्रस्ट असेल किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. देवस्थानाशी संबंध आला की पोर्तुगीज काळातला, 1933 चा महाजनी कायदा पुढे येतो आणि तिथे शब्द महाजनांचा, म्हणजे देवळाच्या परंपरागत हक्कदार कुटुंबांचा चालतो. म्हणून आधी संस्थेची घटना मागवा आणि निर्णय कोणाच्या सहीने होतो ते बघा. व्हिजनच्या गप्पा नंतर.

सगळ्यांत महागात पडते ती पैशाच्या अटी न वाचता धोरण लिहिण्याची चूक. बँकेत चाळीस लाख दिसले की सल्लागार पाच नवीन गावं सुचवून मोकळा होतो. त्यातले पस्तीस लाख एका कंपनीने एका शाळेसाठी, एका वर्षापुरते दिलेले असतात, ते त्याला कोण सांगणार? प्रत्येक रक्कम कोणाची, कशासाठी आणि कधीपर्यंतची, हा तक्ता हिशेबनीसाजवळ बसून स्वतः करा. मग जो मोकळा पैसा उरेल, त्यात किती महिन्यांचे पगार भागतात ते काढा. उत्तर दोन महिने आलं तर तुमचं धोरण तिथूनच सुरू होतं, विस्तारापासून नाही.

परदेशी देणगी असेल तर आणखी जपून. 2020 च्या दुरुस्तीने एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेल्या पैशातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावर बंदी आली. तरीही ‘मोठ्या संस्थेने निधी आणायचा, छोट्यांना वाटायचा’ ही आराखड्यातली लाडकी आकृती अजून फिरतेच आहे. गंमत म्हणजे व्यावसायिक शुल्कही प्रशासकीय खर्चातच मोडतं. म्हणजे त्या पैशातून तुमची फी निघाली की संस्थेच्या कचेरीचं भाडं आणि तुम्ही एकाच 20 टक्क्यांत वाटेकरी! ही गोष्ट आपण होऊन सांगा.

एकाच देणगीदाराच्या भरवशावर तीन वर्षांचा आराखडा बेतू नका. गोव्यात तरी हे वेगळं सांगायला नको. खाणी 2012 मध्ये थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायचे सीएसआरचे 2 टक्के मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर निघतात, त्यामुळे धंदा बसल्याची झळ निधीला पुढची काही वर्षं लागत राहते. डिचोली किंवा सांग्यासारख्या खाणपट्ट्यातल्या संस्थेला ‘हा देणगीदार उद्या थांबला तर आधी काय बंद कराल?’ एवढा एक प्रश्न विचारा. लगेच उत्तर मिळालं नाही तर आराखडा अजून झालेला नाही.

पाहणीच्या तारखा दिल्लीच्या कॅलेंडरवर ठरवू नका. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात आणि त्यांवरचे परराज्यातले बरेच कामगार तेव्हा आपापल्या गावी असतात. त्या दिवसांत जेटीवर फॉर्म घेऊन गेलात तर ‘गरज आढळली नाही’ असा निष्कर्ष निघेल. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात कुणी फोनही उचलणार नाही. आणि सरकार जे आधीच देतंय ते पुन्हा सुचवू नका. ज्येष्ठ, दिव्यांग वगैरेंना दरमहा मदत देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा किंवा गृहिणींसाठीची गृह आधार योजना असताना संस्थेने वेगळी मदत वाटण्यापेक्षा अर्ज अडकलेल्यांची कागदपत्रं पुरी करून देणं जास्त उपयोगी पडतं.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सहा महिन्यांनी काहीच हललेलं नाही, ही तक्रार नेहमीचीच. अशा वेळी साठ पानांचा इंग्रजी अहवाल बाजूला ठेवा. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीला तो कुणी वाचायला दिला होता का? दोन पानं कोंकणीत किंवा मराठीत लिहा आणि त्यातलं निम्मं पान काय थांबवायचं यासाठी ठेवा. संस्थापक नेमके तिथेच अडतात. त्यांच्याशी तो विषय कार्यकारी मंडळासमोर काढू नका, आधी एकट्याने बसून बोला.

फीबद्दल इतकंच: आणलेल्या देणगीवर टक्केवारी घेऊ नका. देणगीदाराला कळलं तर नाव संस्थेचं जातं. ठरावीक रक्कम ठरवा आणि शेवटचा हप्ता सहा महिन्यांनंतरच्या आढावा बैठकीनंतर घ्या.