ऑक्शन हाऊसमध्ये भाव पडले की काय करायचं

ऑनलाइन गेमच्या ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना माल विकतात त्या बाजारात, एकाच मालाचा ढीग पडलाय आणि प्रत्येक जण भाव थोडाथोडा कमी करत बसलाय, तर आधी हात आवरा आणि आपला खर्च काढा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये विक्रीवर ५ टक्के कट जातो, म्हणजे ९० गोल्डच्या (गेममधला पैसा) मटेरियलची पोशन (जादूचं औषध) १०० ला विकली तर हातात ९५ येतात, नफा फक्त ५, आणि तीच ९४ ला टाकली की ८९.३० म्हणजे चक्क तोटा. आणि हो, "मटेरियल मी स्वतः गोळा केलंय, फुकटच आहे" हे डोक्यातून काढा, ते कच्चंच विकून कट जाऊनही ८५ च्या आसपास आले असते ना!

दुसरं म्हणजे भाव पाडायची गरज बऱ्याचदा नसतेच. वॉरक्राफ्टमध्ये हर्ब्स (औषधी वनस्पती), ओअर (कच्चं धातू) वगैरे मालात सारख्या भावात शेवटी टाकलेला माल आधी जातो, त्यामुळे फक्त भाव मॅच करा, बास. ईव्ह ऑनलाइनमध्ये उलट, तिथे ऑर्डर बदलली की दरवेळी फी, मग तासातासाला भाव खाली-वर करणारा स्वतःचेच पैसे घालवतो.

ढीग खूपच मोठा असेल तर थोडाथोडा टाका, रेड रिसेटच्या दिवशी (गटाने खेळायच्या मोठ्या लढाया दर आठवड्याला नव्याने खुल्या होतात तेव्हा) पोशनला गिऱ्हाईक असतं, त्या दिवशी बाकीचा काढा. पण नवीन पॅच (गेमचं अपडेट) जवळ आला असेल तर साठवत बसू नका, मिळेल त्या भावाला विकून टाका.