टेक्सासच्या छोट्या गावात मेक्सिकन खानावळीत जेवायला जाताय? मग हे वाचून जा

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घेताना हल्ली कोणी ना कोणी भेटतंच, तिकिटं काढली, मुलाकडे अमेरिकेला चाललोय, आणि लगेच पुढचा प्रश्न की तिकडे बाहेर खायचं काय. मी लेकाकडे टेक्सासमधल्या एका छोट्या गावात पाच महिने होते आणि माझं उत्तर एकच, मेक्सिकन खानावळ शोधा. मोठी चकचकीत नको, सात-आठ टेबलं असलेली, घरचीच माणसं आत रांधतायत अशी.

साधारण साडेअकराला जा. बाराला कामावरची माणसं येतात मग काउंटरवरच्या बाईंना तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, आणि तुम्हाला बोलायचंच आहे. दुपारच्या जेवणाचा स्वस्त मेनू बहुतेक ठिकाणी दोन-तीनपर्यंतच असतो.

बसल्या बसल्या न मागता मक्याचे चिप्स आणि साल्सा, म्हणजे त्यांची पातळ चटणी, येतो, टेक्सासमध्ये बऱ्याच ठिकाणी फुकट. त्यानेच पोट भरू नका. आणि साल्सा आधी चिपच्या टोकाला लावून चाखा, लाल म्हणजे तिखट आणि हिरवा म्हणजे सौम्य असं काही नसतं, सेवउसळीची तरी आपण आधी जरा चाखून मग ओततो ना, तसंच.

आता मुख्य गोष्ट, शाकाहारी असाल तर. पहिल्याच आठवड्यात आम्ही राईस आणि बीन्स, म्हणजे राजम्यासारखं कडधान्य, मागवले, सासूबाई बरोबर होत्या, आयुष्यात अंड्याला हात न लावलेल्या. अर्धं ताट झाल्यावर लेकाने सहज विचारलं तर बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले निघाले आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. खानावळीची चूक नव्हती, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात, आम्हीच विचारलं नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्या नाहीत, मला ते अजून लागतं.

म्हणून हे शब्द कागदावर लिहूनच न्या. सिन म्हणजे विना. सिन कार्ने, मांस नको. सिन पोयो, चिकन नको. सिन मान्तेका, चरबी नको. आणि भातासाठी सिन काल्दो दे पोयो. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, मांसाचे तुकडे नाहीत एवढाच अर्थ कधीकधी घेतला जातो. चीज एन्चिलादा म्हणजे चीज भरून गुंडाळलेली पोळी, तिच्यावरच्या रश्श्यात खिमा असू शकतो तोही विचारा. चिले रेयेनो दिसते आपल्या भरल्या मिरचीसारखी, पण ती अंड्याच्या आवरणात तळतात. चीजचं केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडून भाजलेली पोळी, सोबत अवोकाडो, आणि मिळाले तर नोपालेस घ्या, म्हणजे काटे काढलेल्या निवडुंगाची भाजी, किंचित आंबट आणि बुळबुळीत, भेंडी आवडणाऱ्यांना नक्की आवडेल.

तोर्तिया, म्हणजे त्यांची पातळ पोळी, मात्र मक्याचीच मागा, दे माईस म्हणा. मैद्याचीमध्ये चरबी असण्याचा संभव जास्त. आमच्या खानावळीत एक वयस्क बाई लिंबाएवढा पिठाचा गोळा दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून लोखंडी प्रेसने दाबायच्या, तव्यावर टाकून दोनदा उलटायच्या आणि बोटांनी जरासं दाबलं की ती टम्म फुगायची, अगदी फुलक्यासारखी, मग कापडात गुंडाळून टोपलीत. पंचमहालकडचा मक्याचा रोटला थापताना कसा कडेने फाटतो, मग ही इतकी पातळ असून फाटत का नाही हे मला कळेना. तर ते लोक मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, साल सुटते, मग ओलाच दळतात, त्याने पीठ चिकट होतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही अंगाला लागतं. मेक्सिकोत हे हजारो वर्षं चालू आहे.

टाको, म्हणजे आत सारण घालून दुमडलेली तोर्तिया, हातानेच खायचा, काटा-चमचा बाजूला ठेवा, मान थोडी कलती करून, लिंबू वरून पिळून.

प्यायला हामाइका मागा, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, किंवा तामारिन्दो म्हणजे आपली चिंच. ओर्चाता तांदूळ आणि दालचिनीचं असतं, छान लागतं पण साखर भरपूर, डायबेटिसवाल्यांनी जपून.

बिल बऱ्याचदा दाराजवळच्या काउंटरवर द्यायचं असतं. टिप 15 ते 20 टक्के, शक्य असेल तर रोख टेबलावर. निघताना शेजारच्या टेबलाला प्रोवेचो म्हणा, म्हणजे सावकाश होऊ द्या, आपण पंगतीत म्हणतो तेच, माणसं मान वर करून हसतात.

आणि ताटं मोठी असतात तर उरलेलं बिनधास्त डब्यात बांधून मागा. बीन्स रात्रीपर्यंत घट्ट होतात, पाव वाटी पाणी घालून गरम करा, तोर्तियावर पाण्याचा हबका मारून तव्यावर टाका, मायक्रोवेव्हमध्ये तशीच ठेवली तर चिवट होते.